घरचे कार्य आणि माझा कॅमेरा

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद-भगिनींपुढे केलेले भाषण)



भाषण करण्याची मला मुळीच सवय नाही. पापडाचे पीठ कुटायला सांगा, पंगत वाढायला सांगा, मी एका पायावर तयार असते. पण चारचौघींपुढे उभे राहायचे म्हटले की घशाला कोरड पडते. चिटणीसबाई गेल्या महिन्यात घरी आल्या आणि म्हणाल्या, "ह्या वेळी तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई, मी काय बोलणार?" तर म्हणतात, "हळदीकुंकवाचे फोटो त्याच संध्याकाळी आमच्या फोनवर कसे येतात, तेवढंच सांगा." तेवढेच सांगायचे ठरवून मी कागदावर लिहून आणले आहे. वाचताना अडखळले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर रोह्याचे आणि सासर इथले, पेणचे. शाळा सातवीत सुटली ती १९९२ साली, आईच्या आजारपणात. धाकटी असून घरी मीच मोकळी होते, म्हणून मीच थांबले. पुढे लग्न, संसार, मुलगा. मुलगा इंजिनियर झाला, पुण्याला नोकरीस लागला आणि पहिल्या वर्षाच्या पगारातून त्याने एक चांगला कॅमेरा घेतला. सहा महिने हौस झाली, आणि मग कॅमेरा आमच्या कपाटात आला. आमचे हे म्हणाले, "पडून खराब होईल, विकून टाकू." मी म्हटले, विकायचा कशाला, मी वापरून बघते.

त्यातली सगळी यादी इंग्रजीत. मुलाला फोनवर विचारून विचारून एकेका शब्दाचा उच्चार मी वहीत देवनागरीत लिहिला आणि त्यापुढे त्याने काय होते ते लिहिले. ज्या वहीत माझे लोणच्याचे प्रमाण आहे, त्याच वहीच्या मागच्या बाजूस कॅमेरा आहे. ही वही आज बरोबर आणली आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. कॅमेऱ्यात फोटो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकीला 'रॉ' म्हणतात, दुसरीला 'जेपेग'. पेणच्या बाईला हे समजावून सांगायला मला पुस्तक लागत नाही. रॉ म्हणजे भात, गिरणीत न गेलेला, टरफलासकट. त्याचा तांदूळ करा, पोहे करा, कुरमुरे करा, सगळे तुमच्या हातात आहे. पण तो कोणाच्या ताटात तसाच वाढता येत नाही. जेपेग म्हणजे पोहे. भिजवून, भाजून, कुटून तयार. ताकात घाला की खा. मात्र पोह्याचा पुन्हा भात होत नाही, हे लक्षात ठेवायचे.

थोडे अधिक नेमके सांगते, कारण मलाही आधी ते कळले नव्हते. कॅमेऱ्यातल्या काचेमागे जो प्रकाश टिपणारा तुकडा असतो, त्याने जे मोजले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे म्हणजे रॉ. त्यात प्रकाशाच्या पायऱ्या पुष्कळ असतात, चांगल्या कॅमेऱ्यात १६,३८४ पर्यंत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात. कॅमेरा स्वतःच रंग ठरवतो, उजेड-काळोख ठरवतो, चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतो आणि आपल्या डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देतो. म्हणून फाईल हलकी होते. आमच्या कॅमेऱ्यात एक रॉ सुमारे २५ एमबीचा, तर जेपेग सुमारे १०. हा जेपेगचा नियम तज्ज्ञांच्या एका मंडळाने ठरवला, तोही १९९२ सालीच. म्हणजे माझी शाळा सुटली आणि ह्याचा जन्म झाला. असो.

माझी चूक इथून सुरू होते. एका लग्नात फोटो काढायला आलेला मुलगा मला म्हणाला, "काकू, खरे फोटोग्राफर रॉमध्येच काढतात." मला ते फार लागले आणि आवडलेही. सातवी शिकलेली बाई, पण रॉ काढते, असे मनातल्या मनात म्हणून मी कॅमेरा रॉवर लावला आणि वर्षभर तो तसाच ठेवला. मुलाने सांगितले होते, "आई, नंतर प्रत्येक फोटो लॅपटॉपवर तयार करावा लागतो." मी म्हटले, करीन की. करीन की म्हणणे आपल्याला फार सोपे जाते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रोह्याला माझ्या अप्पांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. अप्पा पोस्टात होते. सायकलवरून कुंडलिकेचा पूल ओलांडताना त्यांना पाहिले नाही असा आमच्या आळीत कोणी नसेल. त्या दिवशी घरी दीडशे माणूस होते. मी फोटो काढले ९४०. कणकेच्या ८१ दिव्यांनी त्यांना ओवाळले तेव्हा सगळ्या दिव्यांचा उजेड खालून त्यांच्या तोंडावर पडला होता आणि ते हसत होते, आजूबाजूच्या नातवंडांना दिवा लागू नये म्हणून हात आडवा धरून. तो फोटो मी टिपला. जेवणे झाल्यावर ते ओटीवर टेकले होते, तेव्हा कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर त्यांना तो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, पडदा लांब धरला, जवळ धरला. "हा मी का?" म्हणाले. मग म्हणाले, "हा मला मोठा करून दे."

"आठ दिवसांत देते," मी म्हटले.

पेणला आले. लॅपटॉप मुलाचा जुना. एक फोटो उघडायला अर्धा मिनिट, आणि उघडला की फिका, पिवळट, भिजवलेल्या कणकेसारखा दिसे. त्याचा उजेड करा, रंग करा, सावली करा, मग साठवा. हात बसल्यावरही एका फोटोला दोन मिनिटे. ९४० फोटोंचे दोन-दोन मिनिटे म्हणजे एकतीस तास झाले. आपल्याला दिवसाकाठी स्वतःचा म्हणून एक तास मिळतो, तो दुपारी भांडी झाल्यावर आणि चहाच्या आधी, त्यातही कोणी आले तर गेला. म्हणजे सरळ महिना. मी तीस-चाळीस केले. मग परीक्षेला दिराची मुले राहायला आली, मग उन्हाळी वाळवणे आली, मग सांडगे-पापड, मग लग्नसराई. सुरुवातीपासून क्रमाने करीत होते, म्हणून सनईवाले, पाहुणे, पाण्याचे पिंप असे फोटो तयार झाले आणि दिव्यांपर्यंत मी पोचलेच नाही. क्रम सोडून आधी तो एक करावा, हे सुचू नये? पण नाही सुचले. घरकामाची सवय अशी की केर काढायचा तर कोपऱ्यापासून.

दर रविवारी फोन. "फोटो झाले का गं?" "होताहेत अप्पा." त्यांनी कधी रागाने विचारले नाही.

जूनमध्ये, पाऊस लागायच्या चार दिवस आधी, अप्पा गेले.

रोह्याला पोचलो. सगळे झाल्यावर भाऊ म्हणाला, "पाटावर ठेवायला फोटो लागेल. तुझ्याकडे आहेत ना?" मी कॅमेरा पिशवीतून नेला होता, तेवढी शुद्ध कशी राहिली कोण जाणे. कार्ड घेऊन भाचा गावातल्या एका फोटोच्या दुकानात गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. त्यांच्या संगणकावर त्या फाईली उघडतच नव्हत्या. त्यांचा दोष नाही. प्रत्येक कंपनीच्या रॉची घडण वेगळी, नवा कॅमेरा निघाला की तिची घडण बदलते, आणि जुन्या संगणकावरच्या प्रोग्रामला ती वाचता येत नाही. लॅपटॉप पेणला राहिला होता. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तुम्हाला ठाऊकच आहेत आधारवरचे फोटो. अप्पा त्यात दचकल्यासारखे दिसतात. त्या फोटोला हार घातला. तेरा दिवस आलेला प्रत्येक माणूस त्या फोटोला नमस्कार करीत होता, आणि त्याच खोलीत, पिशवीतल्या कार्डावर, ते हसत होते. हे मी कोणाला बोलले नाही. आज प्रथम बोलते आहे.

सप्टेंबरात गणपतीला मुलगा घरी आला. पेणात त्या दिवसांत कोणाला काही सुचत नाही; हमरापूर, जोह्याकडून गाड्या निघून गेलेल्या असतात आणि मग आपल्या घरच्या गणपतीकडे बघायला वेळ होतो. दीड दिवसाचे विसर्जन झाल्यावर संध्याकाळी मी त्याला सारे सांगितले. तो ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, "आई, आजोबांना तू कॅमेऱ्याच्या पडद्यावर जो फोटो दाखवलास, तो काय होता?"

मी म्हटले, "तोच की."

"तो जेपेग होता," तो म्हणाला.

भगिनींनो, हे तुम्ही नीट ऐकून ठेवा, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसते. रॉ फाईलच्या पोटात कॅमेरा स्वतः केलेले एक तयार जेपेग ठेवतो, पडद्यावर दाखवता यावे म्हणून. आपण पडद्यावर बघतो ते तेच. ते बाहेर काढता येते. शिवाय पुष्कळशा कॅमेऱ्यांत रॉचा जेपेग करण्याची गिरणीच आत बसवलेली असते. फोटो पडद्यावर आणायचा, यादीत 'रॉ प्रोसेसिंग' असते ते निवडायचे, हवा तर उजेड थोडा कमीजास्त करायचा, आणि साठव म्हणायचे. लॅपटॉप नको, दुकान नको. मूळ रॉ जागेवरच राहतो. रोह्याला त्या दिवशी ते मला अर्ध्या मिनिटात करता आले असते. माझ्या वहीत तो शब्द उतरवलेलाही होता. पुढे 'काय होते' ते लिहायचे राहिले होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून तो एक फोटो केला. बाकीच्या नऊशे फोटोंतली तयार चित्रे त्याने एका दमात बाहेर काढली. रंग थोडे पिवळे होते, पण दिव्यांचा उजेड पिवळाच असतो, त्याला पांढरा करून काय मिळवायचे?

तेव्हापासून माझा कॅमेरा जेपेगवर आहे. पण नुसते बटण फिरवले की झाले, असे नव्हे. भात घरी असेल तर चूक नंतर सुधारता येते. पोहे करायचे तर आधीच मन लावून करावे लागतात. म्हणून जे काम मी नंतर महिनाभर करणार होते, ते आता कार्याच्या आधी पंधरा मिनिटांत करते. ते कसे, ते सांगते.

पहिले रंगाचे. उजेडालाही रंग असतो आणि त्याला आकडा असतो, केल्विन नावाचा. समईची ज्योत दोन हजाराच्या आसपास, पिवळा बल्ब सुमारे तीन हजार, दुपारचे ऊन साडेपाच हजार, सावली सात हजाराच्या घरात. आकडा लहान तितका उजेड तांबूस, मोठा तितका निळसर. खोटे वाटत असेल तर आज घरी जाताना दुकानात एलईडी बल्बचे खोके बघा, त्यावर ३००० किंवा ६५०० असे छापलेले असते, ते हेच. आपल्या घरांतून काय होते, की हॉलमध्ये एक बल्ब पिवळा, दुसरा पांढरा, खिडकीतून ऊन. मग अर्धे तोंड हळदीचे आणि अर्धे तोंड पिठाचे. कॅमेऱ्याने तरी काय करावे? मी आमच्या ह्यांच्या मागे लागून हॉलमधले सगळे दिवे एका जातीचे करून घेतले. शंभर-दोनशे रुपयांचे काम, पण त्याने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच नाही.

त्यापुढे पांढऱ्याचा नमुना. कॅमेऱ्याला एक पांढरी वस्तू दाखवून 'हे पांढरे समज' असे सांगता येते, त्याला कस्टम व्हाइट बॅलन्स म्हणतात. जिथे कार्य व्हायचे त्या पाटापाशी, त्याच दिव्यात, मी पांढरा पंचा धरायला लावते आणि त्याचा एक फोटो घेऊन तसे सांगते. पंचा नीळ घातलेला नसावा, नाहीतर कॅमेरा फसतो आणि सगळी मंडळी पिवळी येतात. हे मला दिराच्या मुलाच्या मुंजीत कळले. भटजींचे उपरणे इतके शुभ्र, की मी त्यावरच नेम धरला. शुभ्रपणा कशाचा होता ते बटूचे तोंड बघून समजले. सुदैवाने मुहूर्ताला अवकाश होता.

मांडव असेल तर वर बघायचे. लाल-केशरी कापडाचा मांडव आणि वर ऊन असले, म्हणजे खालची सगळी माणसे गुलाल खेळून आल्यासारखी दिसतात. तिथे पंचाचा नमुना पुष्कळ उपयोगी पडतो.

दुसरे उजेडाचे. जेपेगमध्ये जे पांढरेफटक झाले ते गेलेच. धोतर, सोवळे, रांगोळी, मोदक ही सगळी पांढरी मंडळी. कॅमेरा तोंडे उजळ करायला जातो आणि ह्यांचा नुसता चुना होतो. म्हणून मी उजेडाचा काटा तिसऱ्या भागाने किंवा दोन तृतीयांशाने कमीकडे ठेवते, उणे ०.३ किंवा उणे ०.७ असे दिसते ते. काळोखी राहिली तर थोडी उजळता येते, जळालेली पोळी काही मऊ होत नाही. लाल शालूचेही असेच. कॅमेऱ्यात रंग भडक करण्याची एक तऱ्हा असते, ती डोंगर-दऱ्यांना छान, पण नवरीच्या शालूवर ती लावली की जरीचा काठ आणि लाल पदर एक होऊन नुसता लाल डाग उरतो. ह्या तऱ्हांना कॅननमध्ये पिक्चर स्टाइल म्हणतात, निकॉनमध्ये पिक्चर कंट्रोल, फुजीमध्ये फिल्म सिम्युलेशन. नाव काही असो, घरच्या कार्याला मी माणसांच्या चेहऱ्यासाठी असते ती किंवा साधी घेते आणि रंगाचा काटा एक घर खाली उतरवते.

तिसरे म्हणजे दाणे मारण्याचे. रात्रीच्या फोटोत वाळू टाकल्यासारखे दाणे येतात. कॅमेरा जेपेग करताना ते पुसतो, आणि जास्त पुसले तर आजीच्या सुरकुत्याही पुसतो. चेहरा मेणाचा होतो. म्हणून ते पुसणे मी कमीवर ठेवले आहे. दाणे असू देत, सुरकुत्या हव्यात. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली पट्टे येत असतील तर शटर शंभरावा भाग ठेवून बघा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, त्यामुळे दिवा शंभरदा लुकलुकतो, आणि हा आकडा त्याला जुळतो.

फ्लॅशबद्दल मला कोणी विचारू नये. आमचे घर कौलारू, वर पांढरे छत नाही की ज्यावर उजेड आपटून खाली यावा. मी तो लावतच नाही.

एवढे करून कार्य सुरू होण्याच्या आधी घरातल्याच कोणाला तरी पाटावर बसवून एक फोटो घ्यायचा आणि पडद्यावर नीट बघायचा. चेहरा बघायचा, पांढरे बघायचे, लाल बघायचे. आमटीचे मीठ पंगत बसण्याआधी बघतात ना, तसे.

ह्यात फसगत होतच नाही असे मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये रोह्याला माझ्या भाचीचे डोहाळजेवण होते. आत माजघरात पिवळ्या दिव्याचा नमुना घेतला, फोटो सुरेख आले. मग तिला अंगणात झोपाळ्यावर बसवले, हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि मी नमुना बदलायला विसरले. सगळ्या बायका निळ्या. भाची तर नदीतून वर काढल्यासारखी. नंतर पुष्कळ खटपट केली; निळे थोडे गेले, पण कातडीचा खरा रंग आला नाही. रॉ असता तर तो एका क्षणात सुधारला असता, हे कबूल केले पाहिजे. म्हणून आता माझा असा नेम आहे: सगळे कार्य जेपेगवर, आणि जे चार क्षण पुन्हा येणार नाहीत, अक्षता, ओवाळणे, सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो, तेवढ्यापुरते 'रॉ अधिक जेपेग'. तसे निवडता येते, मग कॅमेरा दोन्ही ठेवतो. तेवढा बियाण्याचा भात घरात असू द्यावा. आणि उंबरा ओलांडला की नमुना बदलायचा, हे वहीत लाल शाईने लिहिले आहे.

कोणी म्हणेल, जेपेगचा मोठा फोटो होतो का? होतो. आमच्या कॅमेऱ्याचा जेपेग ६,००० बाय ४,००० ठिपक्यांचा. छापताना इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचाचा फोटो स्वच्छ येतो. त्याहून मोठा फोटो लावायला आपल्याकडे भिंत कुठे आहे? मात्र व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो लहान होऊन जातो, आणि तोच पुढे छापायला दिला तर फिसकटतो. ज्यांना छापायचा आहे त्यांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे आहे तसा पोचतो. आणखी एक, तोच जेपेग उघडून, बदलून, साठवून, पुन्हा उघडून असे करीत राहू नये. दर वेळी थोडे थोडे झिजते. बदल करायचा तो प्रतीवर करावा.

निवड मात्र त्याच दिवशी झाली पाहिजे. पाहुणे आडवे झाले की मी चहा घेऊन कोपऱ्यात बसते आणि कॅमेऱ्यातच बरे फोटो खूण करून ठेवते. पाचशेतून साठ. डोळे मिटलेले, घास तोंडात असलेले, कोणाची पाठ, सगळे बाजूला. बाकीच्यांना साठच पाठवायचे. पाचशे फोटो कोणी बघत नाही हो; सगळ्याजणी स्वतःचा शोधतात आणि फोन ठेवून देतात. आणि रात्री झोपण्यापूर्वी एक प्रत कार्डावर, एक दुसरीकडे. त्याला कंटाळा करू नये.

मुलगा थट्टेने म्हणतो, "आई, तू कॅमेऱ्याला काम लावतेस आणि स्वतः मोकळी होतेस." मी म्हणते, मग काय बिघडले? पूर्वी रोल होता तेव्हा ३६ फोटो काढून तो धुवायला टाकत होतोच ना, धुणारा दुसराच होता. आणि ज्यांना स्वतः धुवावे लागले त्यांचे हाल बायकांनीच काढले आहेत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे आपण मुलांना पाठ करून घेतो. पण त्या फिल्मला भोके पाडणे, ती रसायनांत धुणे हे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत, आणि वर चित्रपटाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे. मी लॅपटॉपपुढे बसून कंटाळत असे तेव्हा मला त्या बाईंची आठवण येई. त्यांना कोणी आयती गिरणी दिली असती तर त्यांनी ती नाकारली असती का?

अप्पांच्या फोटोचे सांगायचे राहिले. दहा बाय बाराचा करून, चौकट घालून, पितृपक्षात मी रोह्याला घेऊन गेले. मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले होते, पण गर्दी इतकी की तो फोटो वडखळपासून नागोठण्यापर्यंत उभ्याने छातीशी धरला होता. आईने तो हातात घेतला. पुष्कळ वेळ बघत राहिली. मला वाटले आता रडेल, आणि मग मीही रडेन. तर म्हणाली, "ह्यात टोपी वाकडी आहे त्यांची. कोणी नीट का नाही केली?" मग उठून आधारवाला फोटो खुंटीवरून स्वतःच काढला, पुसला, कपाटात ठेवला, आणि हा लावला. जेवताना पुन्हा म्हणाली, "वाकडीच असायची म्हणा. पोस्टातसुद्धा."

आता ज्या कोणाकडे घरात कॅमेरा पडून असेल, मुलांचा, जावयाचा, कोणाचाही, त्यांनी पुढच्या मंगळवारी दुपारी तीनला तो मंडळात आणावा. बॅटरी भरून आणा, आणि एक वही. जुने रॉ फोटो कार्डावर अडकून असतील तर ते कार्डही आणा. आपण बसून बाहेर काढू. पांढरा पंचा मी आणते, नीळ न घातलेला. आणि चिटणीसबाईंना एक विनंती, आपल्या ह्या सभागृहात उजवीकडचे दोन दिवे पिवळे आहेत आणि डावीकडचे पांढरे. हळदीकुंकवाच्या आधी तेवढे बदलून घ्यावेत.